वीस पिकांची पेरणी

ऑगस्ट संपत आला की लास व्हेगासच्या हॉटेलांत फॅन्टसी फुटबॉलसाठी बारा-बारा खुर्च्यांची टेबलं लागतात. खऱ्या खेळाडूंचा आपला कागदी संघ बांधायचा आणि ते मैदानात जे करतील त्याचे गुण मोजायचे, असा हा खेळ. एक टेबल म्हणजे एक लीग. प्रत्येकाच्या वाट्याला वीस पिक, म्हणजे खेळाडू निवडायच्या वीस पाळ्या, आणि प्रत्येक पिकला जेमतेम एक-दीड मिनिट. तीन-चार तासांत २४० खेळाडू वाटले जातात. प्रत्येकाने दीड ते अडीच हजार डॉलर आधीच भरलेले असतात, आणि नजर असते ती देशभरातल्या सगळ्या लीग मिळून ठरणाऱ्या पहिल्या बक्षिसावर. सर्वांत मोठ्या स्पर्धांत ते दहा लाख डॉलरपर्यंत गेलं आहे. 'पिक' या शब्दाने मराठी कानाला शेत आठवतं, आणि ते चुकीचं नाही. पेरणी ऑगस्टात, काढणी डिसेंबरच्या शेवटी, आणि मधलं हवामान कुणाच्याच हातात नाही.

हा अमेरिकन फुटबॉल, एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगचा. मोबाइलवर क्रिकेटचा संघ लावलेल्या माणसाला कल्पना ओळखीची वाटेल, पण दोन फरक मोठे आहेत. इथे संघ एका सामन्यासाठी नसतो, सगळ्या हंगामासाठी असतो. आणि लीगमध्ये एक खेळाडू एकाच माणसाकडे असतो. तुम्ही घेतला तर बाकीच्या अकरांना तो मिळत नाही. भारतात ऑगस्ट २०२५च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले, मुंबईच्या ड्रीम-इलेव्हनलाही आपल्या पैशांच्या स्पर्धा गुंडाळाव्या लागल्या. तेव्हा पुढचं सगळं अमेरिकेत राहणाऱ्यांच्या कामाचं. तिथेही इंटरनेट जुगाराविरुद्धच्या २००६च्या संघीय कायद्यातून फॅन्टसी वगळलेली असली तरी प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. सिॲटलच्या परिसरात मराठी घरं पुष्कळ आहेत, पण वॉशिंग्टन राज्यात फी भरून खेळायला वाव नाही. नियमपत्रिकेतली राज्यांची यादी पहिली वाचावी.

खेळाचं मूळ ओकलंडचं. रेडर्स संघातले एक छोटे भागीदार बिल विंकेनबाख यांनी १९६२मध्ये दोन-तीन सोबत्यांसह नियम लिहिले आणि १९६३मध्ये आठ जणांचा पहिला ड्राफ्ट, म्हणजे आळीपाळीने खेळाडूंची निवड, झाला. पहिला पिक क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) जॉर्ज ब्लँडा, रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) जिम ब्राऊनला मागे ठेवून. त्याच हंगामात ब्राऊन १,८६३ यार्ड धावला आणि त्याने विक्रम केला. क्वार्टरबॅक लवकर घ्यायची खाज या खेळाइतकीच जुनी आहे. हजारो डॉलरच्या स्पर्धा व्हेगासला आल्या त्या २००२ पासून.

आता आखणी. ती शेवटून करावी, असं माझं ठाम मत आहे. बहुतेक मोठ्या स्पर्धांचा सांगाडा असा असतो: पहिले अकरा-बारा आठवडे लीगमधल्या लीगमध्ये सामने, मग लीगचं विजेतेपद, आणि १५, १६ व १७ हे तीन आठवडे देशभरातल्या पात्र संघांची एकत्र शर्यत, निव्वळ गुणांवर. काही ठिकाणी त्यात हंगामाची साप्ताहिक सरासरीही मिळवतात. एनएफएलचा अठरावा आठवडा यात धरत नाहीत, कारण तेव्हा जागा पक्की झालेले संघ आपले मोहरे बाकावर बसवतात.

या सांगाड्यातून पैशांचं गणित निघतं. उदाहरणापुरते सोपे आकडे घेऊ. फी दोन हजार, लीगच्या पहिल्याला सहा हजार, दुसऱ्याला तीन हजार, बाकी देशाच्या बक्षिसात. सामान्य खेळाडू बारांत एकदा पहिला येईल. तुम्ही इतके तरबेज आहात की आठांत एकदा पहिले आणि आठांत एकदा दुसरे येता, असं धरू. सहा हजारांचा आठवा भाग ७५०, तीन हजारांचा ३७५. बेरीज १,१२५. भरले दोन हजार. म्हणजे एवढं कौशल्य असूनही लीगच्या बक्षिसांवर दरवर्षी सरासरी ८७५ डॉलरचा खड्डा पडतो, आणि तो भरून निघायची एकच जागा म्हणजे शेवटचे तीन आठवडे. खऱ्या स्पर्धेचे आकडे निराळे असतील. ते घालून हीच बेरीज फी भरण्यापूर्वी कागदावर करावी. बरेच लोक ती करत नाहीत आणि लीग जिंकण्यापुरता सुरक्षित, गुळगुळीत संघ बांधतात. तो दहा हजार संघांच्या गर्दीत चारशेवा येतो.

शेवट पक्का झाला की नियम. 'पीपीआर' म्हणजे प्रत्येक झेलाला एक गुण, हे बहुतेक मोठ्या स्पर्धांत. पण काही स्पर्धांत टाइट एंडला (अडवणारा आणि झेलही घेणारा खेळाडू) झेलामागे दीड गुण असतो, आणि तिथे सगळी यादी उलटीपालटी होते. २०२४मध्ये लास व्हेगास रेडर्सच्या ब्रॉक बॉवर्सने पदार्पणातच ११२ झेल घेतले. त्या अर्ध्या गुणाचे एकट्याचे ५६ गुण झाले, आठवड्याला तीनहून अधिक. त्याच वर्षी ॲरिझोनाच्या ट्रे मॅकब्राइडने १११ झेल घेतले आणि त्यांतले टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेणं) फक्त दोन. साध्या हिशेबात त्याचं मूल्य टचडाउनअभावी कमी वाटतं. दीड गुणाच्या नियमात नुसत्या झेलांचेच १६६.५ गुण होतात. म्हणून अशा स्पर्धेत पहिल्या दोन फेऱ्यांत टाइट एंड जातात. नेहमीच्या क्रमवारीचा छापील कागद घेऊन येणारा माणूस "हे काय चाललंय" म्हणत बसतो.

दुसरा नियम मैदानात उतरवायच्या संघाचा. एक क्वार्टरबॅक, दोन रनिंग बॅक, दोन वाइड रिसीव्हर (मुख्यतः झेल घेणारे), एक टाइट एंड, दोन फ्लेक्स (रनिंग बॅक, रिसीव्हर, टाइट एंड यांपैकी कुणीही), एक किकर, एक डिफेन्स (एखाद्या संघाची अख्खी बचावफळी), असा नमुना घ्या. बारा संघ मिळून दर आठवड्याला रनिंग बॅक, रिसीव्हर आणि टाइट एंड यांची गरज ८४ जणांची. क्वार्टरबॅकची गरज फक्त बारा, आणि एनएफएलमध्ये क्वार्टरबॅक सुरू करणारे संघ बत्तीस. बारावा आणि सतरावा क्वार्टरबॅक यांच्यात आठवड्याला एखाद-दोन गुणांचं अंतर उरतं. रनिंग बॅकमध्ये बारावा आणि तिसावा यांच्यात खाई असते. म्हणून खेळाडूचे अंदाजित गुण पाहू नयेत. त्याच जागेवर फुकटात मिळणाऱ्या खेळाडूचे गुण वजा करून जे उरतं, ते पाहावं. स्प्रेडशीटमध्ये हा एक स्तंभ पुरतो. क्वार्टरबॅकच्या टचडाउन पासला चार गुण की सहा, हेही याच स्तंभात घालावं. सहा असतील तर धावणाऱ्या क्वार्टरबॅकची आघाडी थोडी घटते, कारण धावून केलेल्या टचडाउनला सहा गुण आधीपासूनच असतात.

तिसरा नियम लोक वाचतात पण पचवत नाहीत. या स्पर्धांत खेळाडूंची अदलाबदल बंद असते. दोघांनी संगनमत करून एक संघ फुगवू नये म्हणून. जखमींना ठेवायची वेगळी जागाही साधारणतः नसते. मित्रांच्या लीगमध्ये सहा रिसीव्हर जमवून नंतर एक विकता येतो. इथे सहावा चांगला रिसीव्हर बाकावर कुजतो. वीस जागांत जे बसेल तेच तुमचं.

ड्राफ्टचा क्रम सापासारखा वळतो: पहिल्या क्रमांकाला १, २४, २५, ४८. बाराव्याला १२, १३, ३६, ३७. काही स्पर्धांत तिसरी फेरी पुन्हा उलटी घेतात. मग पहिल्याचे पिक १, २४, ३६, ३७ होतात आणि बाराव्याचे १२, १३, २५, ४८. पहिला पिक मिळाल्याचा आनंद अर्धा तिथेच संपतो. अनेक स्पर्धांत ड्राफ्टच्या क्रमाची चिठ्ठी काढण्याआधी तुम्हाला त्या क्रमातल्या कुठल्या जागा कोणत्या क्रमाने हव्या आहेत ते कळवायचं असतं. तिला केंटकी डर्बी पद्धत म्हणतात. न भरल्यास एक ते बारा असा सरळ क्रम धरला जातो, आणि तो बहुधा तुमच्या यादीशी जुळत नाही. आपल्या यादीत उतरंड कुठे तुटते ते पाहावं. पहिले पाच खेळाडू एका तोलाचे आणि सहावा एकदम खाली, असं दिसलं तर पाचवी जागा पहिलीपेक्षा बरी, कारण तोलाचा खेळाडू तर मिळतोच, वर दुसऱ्या फेरीत २० वा पिक येतो, २४ वा नव्हे.

ड्राफ्ट कधी करावा? मे महिन्यात वेळापत्रक येतं, ऑगस्टात तीन सराव सामने होतात, ऑगस्टच्या शेवटी प्रत्येक संघ ५३ खेळाडूंवर येतो. लवकर ड्राफ्ट केला तर दुखापतीची बातमी तुमच्या पदरात, उशिरा केला तर सगळ्यांना सगळं ठाऊक. २०२४चं उदाहरण कायम ध्यानात ठेवावं. सॅन फ्रान्सिस्कोचा ख्रिश्चन मॅकॅफ्री जवळजवळ प्रत्येक टेबलावर पहिला पिक. तो पहिले आठ सामने टाचेच्या वरच्या स्नायुबंधाच्या दुखण्याने बाहेर राहिला आणि हंगामभरात चारच सामने खेळला. त्याचा बदली म्हणून कुणी एलायजा मिचेलला घेतलं, तर तो ऑगस्टातच हंगामातून बाद झाला. पहिल्या सोमवारी जॉर्डन मेसन मैदानात आला आणि १४७ यार्ड धावला. तेराव्या आठवड्यात मॅकॅफ्री आणि मेसन दोघेही जखमी. चौदाव्यात नवखा आयझॅक गेरेंडो शिकागोविरुद्ध दोन टचडाउन करून गेला. एकाच जागेवर चार नावं, आणि ऑगस्टात त्यांचा क्रम कुणालाच लागला नसता.

यातून मी काढतो तो निष्कर्ष रूढ सल्ल्याच्या उलट आहे. आपल्याच तारांकित रनिंग बॅकचा बदली घेऊ नये, दुसऱ्याच्या रनिंग बॅकचा घ्यावा. आपला पडला आणि बदली उभा राहिला, तर आपण फार तर जिथे होतो तिथेच. दुसऱ्याचा पडला आणि त्याचा बदली आपल्याकडे असला, तर त्याचं एक कमी होतं आणि आपलं एक वाढतं. लाख डॉलरच्या शर्यतीत दुसरीच घटना हवी असते. विमा म्हणून दोन जागा अडवायला वीस जागा फार कमी आहेत. त्यांची वाटणी साधारण अशी बसते: सहा रनिंग बॅक, आठ रिसीव्हर, दोन टाइट एंड, दोन क्वार्टरबॅक, एक किकर, एक डिफेन्स. दीड गुणाच्या नियमात एक रिसीव्हर कमी करून तिसरा टाइट एंड.

बाय वीकचा लोक उगाच धसका घेतात. प्रत्येक संघाला एक आठवडा सुट्टी असते, साधारण पाचव्या ते चौदाव्या आठवड्याच्या दरम्यान. शेवटच्या तीन आठवड्यांत कुणालाच नसते. दोन्ही क्वार्टरबॅकची सुट्टी एकाच आठवड्यात नको, एवढं पाहिलं की पुरे. एका आठवड्यात चार जण एकदम सुट्टीवर गेले, तर तो एक सामना हरा आणि बाकीचे पूर्ण ताकदीने खेळा.

जोडी लावणं मात्र शेवटच्या तीन आठवड्यांसाठी महत्त्वाचं. एकाच संघाचा क्वार्टरबॅक आणि त्याचा रिसीव्हर. क्वार्टरबॅकला वीस यार्डांमागे एक आणि टचडाउनला चार असे गुण धरले, तर पन्नास यार्डांच्या एका टचडाउन पासमधून त्याला ६.५ आणि रिसीव्हरला झेल, यार्ड व टचडाउन मिळून १२ मिळतात. एका फेकीत १८.५ गुण. लीगच्या आठवडी सामन्यात ही जोडी फारसा फरक पाडत नाही, उलट दोघे एकदम थंड पडले की बुडवते. पण हजारो संघांमधून वर यायचं तर असे उसळणारे आठवडेच लागतात. वेळापत्रक मे महिन्यातच हातात असतं. सतराव्या आठवड्यात कोण कुणाशी खेळतो, कुठला सामना छताखालच्या मैदानात आहे आणि कुठला उत्तरेच्या थंडीवाऱ्यात, हे बरोबरीच्या दोन खेळाडूंत निवडताना वापरावं. दुसऱ्या फेरीचा पिक त्यावर ठरवू नये.

त्या सतराव्या आठवड्याबद्दल नियमपत्रिकेतलं आणखी एक कलम वाचावं: सामना अर्धवट थांबला तर काय? २ जानेवारी २०२३च्या सोमवारी बफेलो आणि सिनसिनाटी यांच्या सामन्यात डॅमार हॅमलिन मैदानातच कोसळला. त्याचा जीव वाचला, सामना पुन्हा झालाच नाही. जॉश ॲलन, जो बरो, जमार चेस, स्टेफॉन डिग्स अशी नावं अनेकांच्या अंतिम संघांत होती आणि तो फॅन्टसीचा शेवटचा आठवडा होता. अशा रात्री कुणाचा जीव आणि कुणाचे गुण, यांची तुलनाही लाजिरवाणी वाटते. तरी कलम आधी वाचलेलं असावं, म्हणजे नंतर वाद घालावा लागत नाही.

हंगामाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे फॅब, नवे खेळाडू उचलण्यासाठी मिळणारे एक हजार काल्पनिक डॉलर. बंद पाकिटातला लिलाव. पैसे हंगामभर पुरवायचे असतात, पण 'जपून वापरा' हा सल्ला मला अर्धवट वाटतो. पहिल्या आठवड्यानंतर मिळालेला खेळाडू सोळा आठवडे कामाला येतो, बाराव्यानंतर मिळालेला पाच. २०२३मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सचा पूका नाकुआ, एनएफएलच्या पाचव्या फेरीत निवडलेला, अनेक लीगमध्ये कुणी घेतलाच नव्हता. रॅम्सचा मुख्य रिसीव्हर कूपर कप जखमी होता. पहिल्याच सामन्यात नाकुआने दहा झेल आणि ११९ यार्ड घेतले, हंगामअखेर १०५ झेल आणि १,४८६ यार्ड, दोन्ही तेव्हा नवख्यांचे विक्रम. अशा खेळाडूवर अर्ध्याहून अधिक रक्कम लावणं वेडेपणा नव्हे. एका सामन्याचे गुण आणि मिळालेलं काम यांतला फरक ओळखणं हे खरं कौशल्य. किती वेळा त्याच्याकडे चेंडू फेकला, किती खेळींत तो मैदानात होता, हे आकडे पाहावेत. ऐंशी यार्डांचा एकच झेल घेणाऱ्यावर तीनशे लावणारे दर सप्टेंबरात असतात आणि दर ऑक्टोबरात फॅब संपल्याचं रडतात.

बोली गोल आकड्यावर ठेवू नये. २०० लावणारे अनेक असतात, २०७ लावणारा जिंकतो. एका खेळाडूला सोडण्याच्या बदल्यात तीन-चार बोल्यांची उतरती यादी लावता येते. ती लावताना कोणत्या बोलीत कोण जाणार हे दोनदा वाचावं. दोन वेगळ्या बोल्यांत एकच नाव सोडायला टाकलं, तर पहिली लागू होते, दुसरी रद्द. उरलेल्या आठवड्यांसाठी तीस-चाळीस डॉलर किकर-डिफेन्सकरता वेगळे ठेवावेत. ते एक ते पाचात मिळतात.

आठवड्याच्या कामात एकच जागा नेहमी फसवते. गुरुवारी खेळणारा खेळाडू फ्लेक्समध्ये घालू नये, त्याच्या मूळ जागेवर घालावा. रविवारी कुणी ऐनवेळी बाहेर बसला, तर फ्लेक्सची मोकळी जागा रनिंग बॅक, रिसीव्हर, टाइट एंड कुणालाही घेते. खेळणार नसलेल्यांची यादी सामन्याच्या नव्वद मिनिटं आधी येते. रविवारच्या पहिल्या सामन्यांसाठी ती न्यू जर्सीत साडेअकराला, कॅलिफोर्नियात सकाळी साडेआठला. गणपतीच्या दिवसांत हे जड जातं. २०२४मध्ये चतुर्थी ७ सप्टेंबरची शनिवारची होती आणि हंगामाचा पहिला रविवार दुसऱ्याच दिवशी. मंडळाच्या आरतीत फोन वाजला तरी उघडू नये अशी इच्छा असेल, तर जोडीदार ठेवावा. निम्मी फी, निम्मं बक्षीस, आणि मतभेद झाल्यास शेवटचा शब्द कुणाचा हे ड्राफ्टच्या आधी लिहून ठेवलेलं. टेबलावर साठ सेकंदांत ते ठरत नाही.

ड्राफ्टच्या रात्री घरून बसणार असाल, तर लॅपटॉप, दुसरं इंटरनेट म्हणून मोबाइलचं, आणि रांगेत, म्हणजे पुढे घ्यायच्या खेळाडूंच्या ऑनलाइन यादीत, सतत किमान तीन नावं. तुटलं तर यंत्र रांगेतून उचलतं. रांग रिकामी असेल तर स्वतःच्या क्रमवारीतून, आणि ती क्रमवारी तुमच्या टाइट एंडच्या नियमांशी इमान राखेलच असं नाही. अठराव्या फेरीपर्यंत डोकं शिणतं, तेव्हा नावांची छापील यादी टेबलावर असू द्यावी. किकर आणि डिफेन्स घ्यायची घाई नको. पहिल्या आठवड्याआधी बोली लावण्याची सोय असलेल्या स्पर्धांत तर ते घेऊच नयेत. विसावा पिकही एखाद्या दुसऱ्या क्रमांकाच्या रनिंग बॅकवर लावावा. ५३ खेळाडूंची यादी लागली की त्याच्या पुढचा कुणी कापला गेला का ते कळतं. नसेल तर त्याला सोडून एका डॉलरला किकर घ्यावा. तारीख मोबाइलवर गजर लावून ठेवावी. किकरशिवाय पहिला रविवार काढणारे संघ दरवर्षी असतात, आणि सात-आठ गुणांनी हरलेला तो सामना नोव्हेंबरात पात्रतेच्या यादीत बरोबर दिसतो.